‘आधी वजन कमी करून या’ : वाढलेले वजन, अंडाशयाचे काम आणि दिवस राहण्याचा प्रश्न

मूळ धागा : निशिगंधा

लग्नाला दोन-तीन वर्षे होऊन गेली, पाळी कधी दीड महिन्याने तर कधी तीन महिन्यांनी येते आणि दिवस राहत नाहीत, ही तक्रार घेऊन गेलेल्या मुलीला बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकून परत यावे लागते : ‘आधी वजन कमी करून या.’ सल्ल्यात तथ्य आहे. मात्र वजनाचा अंडाशयाशी नेमका काय संबंध, किती उतरले म्हणजे पुरे, तोवर उपचार थांबवायचे की चालू ठेवायचे, हे तिला कोणी सांगत नाही. मग घरातली मंडळी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावतात आणि तो बहुधा ‘ही खाते फार आणि हलत नाही’ इथेच येऊन थांबतो. मी कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. डॉक्टर नाही, पण ओळखीतल्या मुली हा विषय घेऊन सतत येतात, म्हणून शरीरात काय घडते ते सविस्तर मांडते. जाणकारांनी भर घालावी.

निरोगी चक्रात मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने जीएनआरएच हे संप्रेरक सोडतो. त्याच्या ठेक्यावर पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके बाहेर पडतात. एफएसएचमुळे अंडाशयातल्या काही पुटिका, म्हणजे स्त्रीबीज धरून असलेल्या द्रवाच्या बारीक पिशव्या, वाढू लागतात, त्यांतली एक पुढे जाते, साधारण 18 ते 22 मिलिमीटरपर्यंत मोठी होते आणि तिच्यातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक पुरेसे वाढले की एलएचची उसळी येऊन पुढच्या सुमारे 36 तासांत स्त्रीबीज बाहेर पडते. फॉलिक्युलर स्टडीच्या, म्हणजे पुटिकेची वाढ पाहणाऱ्या सोनोग्राफीच्या, कागदावर एक दिवसाआड लिहिलेले 12, 14, 17 असे आकडे असतात ना, ती याच पुटिकेच्या वाढीची नोंद असते.

चरबी वाढली की या व्यवस्थेत दोन-तीन ठिकाणी एकदम ढवळाढवळ होते. पोटातली चरबी ही नुसती साठवण नसून स्वतः संप्रेरके तयार करणारी ऊती आहे. पोटाभोवती ती साचली की पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते, आणि खरी मेख इथे आहे : स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे झाले तरी अंडाशय देतच राहतो. अंडाशयातल्या थीका पेशी वाढलेल्या इन्सुलिनच्या आणि एलएचच्या संयुक्त प्रभावाखाली टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके जास्त बनवतात. त्याच वेळी हे इन्सुलिन यकृताला एसएचबीजी हे प्रथिन कमी बनवायला लावते. रक्तातले टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवण्याचे काम या प्रथिनाचे असल्याने ते घटले की मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. हनुवटीवरचे राठ केस, जाता न जाणारी मुरुमे आणि विरळ होणारा भांग ही त्याची बाहेरून दिसणारी खूण आहे. आत मात्र पुटिका 2 ते 9 मिलिमीटरवर अडून राहतात. सोनोग्राफीत ‘गाठी’ म्हणून दाखवले जाणारे ठिपके म्हणजे बहुधा या अर्ध्यावर थांबलेल्या पुटिकाच असतात. ते ट्यूमर नव्हेत आणि काढून टाकायचेही नसतात. लांबणारी पाळी, वाढलेली पुरुषी संप्रेरके आणि अशा अडलेल्या पुटिका, या एकत्रित चित्राला पीसीओडी म्हणतात.

शिवाय चरबीच्या पेशींत अरोमाटेज नावाचे विकर असते, जे पुरुषी संप्रेरकाचे रूपांतर इस्ट्रोनमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या इस्ट्रोजेनमध्ये करते. त्यामुळे महिनाभर चढउताराविना इस्ट्रोजेन मिळत राहते आणि मेंदूला मिळणारे संकेत बिघडतात. स्त्रीबीज बाहेर पडले नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर नुसते जाड होत जाते आणि मग कधीतरी पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जात राहते. म्हणून ‘पाळी चार-चार महिन्यांनी येते, बरेच आहे की, त्रास नाही’ असे समजू नये. असे अस्तर वर्षानुवर्षे राहिल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते. तीन महिने पाळी आली नाही तर मूल हवे असो वा नसो, डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

एक गोष्ट आपल्या भागात फार दिसते, ती मुद्दाम सांगते. मानेच्या मागे आणि काखेत मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा येतो. खोट्या मंगळसूत्रामुळे मान काळी पडली असे म्हणून आया मुलींच्या माना बेसनाने, लिंबाने लाल होईपर्यंत घासतात. हा पट्टा घासून जात नाही, कारण तो मळ नसून बहुतेक वेळा रक्तातल्या जादा इन्सुलिनची खूण असते. वयात आलेल्या मुलीच्या मानेवर तो दिसला तर साबण बदलण्याऐवजी साखरेची तपासणी करावी.

प्रतिसाद : आजरेकरीण

लेख आवडला, पण एक शंका आहे. माझे वय आता सत्तरीपुढे आहे. आमच्या भावकीत चांगल्या धडधाकट, अंगाने भरलेल्या बायकांना पाच-पाच, सहा-सहा मुले झालेली मी पाहिली आहेत. वजनाने मूल होत नाही असे म्हणायचे, तर त्यांना कशी झाली?

उपप्रतिसाद : निशिगंधा

काकू, तुमचे निरीक्षण खरे आहे आणि त्याने माझ्या म्हणण्याला मर्यादाही पडते, ती पडायलाच हवी. वजन जास्त असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना दिवस राहतात. वजनाने दार बंद होत नाही, शक्यता थोडथोडी घटत जाते. नेदरलँड्समध्ये तीन हजारांहून अधिक जोडप्यांचा अभ्यास झाला, ज्यांना वर्षभर दिवस राहिले नव्हते पण त्या स्त्रियांचे स्त्रीबीज नियमित बाहेर पडत होते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 29 च्या पुढे गेल्यावर प्रत्येक अंकामागे आपोआप दिवस राहण्याची शक्यता सुमारे 5 टक्क्यांनी कमी होताना दिसली. म्हणजे पाळी नियमित असतानाही परिणाम होतो, पण तो हळूहळू. तुमच्या पिढीत लग्ने विशीच्या आसपास होत, शेतातले कष्ट होते, आणि चरबी मांड्यांवर व नितंबांवर असणे आणि पोटात असणे यांत पुष्कळ फरक आहे. आज अठ्ठाविशी-तिशीत लग्न करून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या मुलीची गोष्ट वेगळी होते.

प्रतिसाद : दवबिंदू

माझी उंची 155 सेंटीमीटर आणि वजन 52 किलो आहे, तरीही मला पीसीओडी सांगितला आहे. सगळे म्हणतात, तू तर बारीक आहेस, तुला कसा झाला? मलाही तेच विचारायचे आहे.

प्रतिसाद : पारिजात

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि याच जिल्ह्यात काम करते. दवबिंदू यांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण आपल्या लोकांसाठी तो कळीचा आहे.

तुमचा बीएमआय 21.6 येतो, म्हणजे तक्त्यानुसार उत्तम. पण बीएमआय काट्यावरचे वजन मोजतो, त्यात चरबी किती आणि स्नायू किती हे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि आपल्या एका ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले होते. दोघांचाही बीएमआय 22.3, पण त्या सहकाऱ्याच्या शरीरात चरबी 9.1 टक्के तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के होती. आपल्याकडे हातपाय बारीक आणि चरबी पोटात, अशी ठेवण सर्रास आढळते. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची सीमा 25 ऐवजी 23 आणि लठ्ठपणाची सीमा 30 ऐवजी 25 धरण्याची शिफारस भारतीय तज्ज्ञांनी केलेली आहे. 155 सेंटीमीटर उंचीच्या स्त्रीच्या बाबतीत 23 म्हणजे सुमारे 55 किलो आणि 25 म्हणजे 60 किलो. कंबरेचा घेर 80 सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर वजन काहीही असो, साखर तपासावी. घेर मोजताना टेप साडीच्या निऱ्यांवर धरू नये. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, त्वचेला टेकवून, श्वास सोडल्यावर मोजावा.

आणि पीसीओडी बारीक मुलींनाही होतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, वजन त्याला बळ देते. 2003 मध्ये रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांप्रमाणे तीन गोष्टींपैकी दोन असाव्या लागतात : अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य, आणि सोनोग्राफीतील पुटिकांचे चित्र. नुसत्या सोनोग्राफीवरून हा शिक्का बसत नाही. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरकही तपासावे लागते, कारण त्यांच्या बिघाडानेही पाळी अशीच लांबते.

प्रतिसाद : मंगळवारपेठ

पुरुष असूनही इथे लिहितो आहे, कारण हे लिहिले गेले पाहिजे. माझ्या पत्नीच्या वजनावरून घरात जे बोलले गेले ते इथे मांडण्यासारखे नाही. हळदी-कुंकवाला ती जाईनाशी झाली. आम्ही ज्या दवाखान्यात जात होतो तिथे तिच्या सोनोग्राफ्या झाल्या, गोळ्या झाल्या, डाएटचे छापील कागद मिळाले. माझी तपासणी करा असे कोणीही सुचवले नाही आणि माझे वजन तर कोणी विचारलेही नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोघांच्याही चाचण्या लिहून दिल्या. माझ्या शुक्रजंतूंची संख्या कमी निघाली. वीर्यतपासणी साधी, स्वस्त आणि एका दिवसात होणारी असताना ती सगळ्यात शेवटी का होते, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

उपप्रतिसाद : पारिजात

आपण हे लिहिलेत याबद्दल आपले मनापासून आभार. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण असते, एकटे किंवा स्त्रीच्या कारणासोबत. पुरुषाच्या चरबीतही तेच अरोमाटेज असते. ते टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन करते, परिणामी शुक्रजंतू घडवण्याची आज्ञा क्षीण होते, आणि मांड्यांमधली चरबी वृषणांचे तापमान वाढवते. माझ्याकडे जोडपे आले की दोघांचेही वजन, कंबर आणि रक्तदाब एकाच पानावर लिहिला जातो. एकट्या बायकोला वजन उतरवायला सांगणारे घर मला मान्य नाही.

आता मूळ धाग्यातल्या अनुत्तरित प्रश्नाकडे येते : किती वजन उतरवायचे आणि तोवर थांबायचे का?

पहिल्या भागाचे उत्तर आशादायक आहे. ज्यांचे स्त्रीबीज बाहेर पडत नाही अशा स्त्रियांत वजन 5 ते 10 टक्के उतरले तरी पाळी पुष्कळदा रुळावर येते. 72 किलोच्या स्त्रीसाठी ते साडेतीन ते सात किलो होतात. कारण पोटातली चरबी आधी हटते आणि इन्सुलिन लगेच खाली येते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे 1990 च्या दशकात 67 लठ्ठ स्त्रियांचा गट सहा महिने एकत्र व्यायाम आणि आहाराच्या कार्यक्रमात होता. सरासरी 10.2 किलो वजन उतरले, 60 जणींचे स्त्रीबीज पुन्हा बाहेर पडू लागले आणि 52 जणींना दिवस राहिले, काहींना कोणत्याही औषधाविना. यात एक मर्यादा आहे. तुलना कार्यक्रम अर्ध्यावर सोडून गेलेल्या स्त्रियांशी होती, चिठ्ठी टाकून पाडलेल्या गटांशी नव्हती.

चिठ्ठी टाकून केलेला अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला आणि 2016 साली प्रसिद्ध झाला. बीएमआय 29 किंवा अधिक असलेल्या 577 स्त्रियांपैकी निम्म्यांना सहा महिने जीवनशैलीचा कार्यक्रम आणि नंतर उपचार, तर उरलेल्यांना लगेच उपचार देण्यात आले. पहिल्या गटाचे सरासरी 4.4 किलो वजन उतरले आणि त्यांच्यात आपोआप दिवस राहण्याचे प्रमाण अधिक होते. परंतु 24 महिन्यांत पूर्ण दिवसांचे, निरोगी, एकच बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचे प्रमाण त्यांच्यात 27 टक्के तर लगेच उपचार घेतलेल्यांत 35 टक्के आले. अमेरिकेतील 2022 च्या अभ्यासातही, कारण न सापडलेल्या वंध्यत्वात, चांगले वजन उतरवूनही निरोगी बाळाचे प्रमाण वाढले नाही.

या दोन्ही बाजू एकत्र ठेवून मी असे सांगते. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी असेल, पाळी लांबत असेल आणि बाकी तपासण्या ठीक असतील, तर चार-सहा महिने वजनावर काम करण्यात तिचा लाभच आहे. पस्तिशी गाठलेल्या स्त्रीला मात्र ‘दहा किलो उतरवून वर्षाने या’ म्हणणे योग्य नाही, कारण वयामुळे स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत घटते आणि गेलेले वर्ष कोणत्याही आहाराने परत मिळत नाही. तिथे आहार, व्यायाम आणि उपचार एकाच वेळी सुरू करावेत. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर तपासणीला यावे, वर्षभर वाट पाहू नये.

वजनाचा परिणाम फक्त स्त्रीबीज बाहेर पडण्यावर होतो असेही नाही. पुटिकेतल्या ज्या द्रवात ते पिकते त्यात इन्सुलिन, मेद आणि दाह दाखवणारी द्रव्ये वाढलेली आढळतात, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांवर ताण येतो आणि गुणसूत्रांची वाटणी बिघडण्याची शक्यता वाढते. गर्भपाताचे प्रमाण वाढते. आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, इंजेक्शनांची मात्रा जास्त लागते. दिवस राहिल्यावर गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाब आणि सिझेरियनची शक्यताही अधिक असते. म्हणून वजनाकडे दुर्लक्ष करा असे मी कोणालाही सांगणार नाही. त्याच्या नावाखाली उपचार रोखू नयेत, एवढेच सांगते.

प्रतिसाद : दवबिंदू

मला लेट्रोझोल लिहून दिले आहे. मोबाईलवर पाहिले तर ते स्तनाच्या कर्करोगाचे औषध निघाले. सासूबाई घाबरल्या आहेत आणि खरे सांगायचे तर मीही.

उपप्रतिसाद : पारिजात

ही भीती माझ्यासमोर रोज येते. औषध तेच, पण काम आणि मुदत निराळी. कर्करोगात ते वर्षानुवर्षे रोज घेतात, इथे पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस. ते अरोमाटेज थोपवते, इस्ट्रोजेन थोडे उतरते, मेंदू एफएसएच वाढवतो आणि अडलेली पुटिका वाढू लागते. 2014 साली पीसीओडीच्या 750 स्त्रियांवर झालेल्या अमेरिकी अभ्यासात लेट्रोझोलने 27.5 टक्के स्त्रियांना मूल झाले, जुन्या क्लोमिफेन या औषधाने 19.1 टक्के, आणि जास्त वजनाच्या स्त्रियांत हा फरक अधिक ठळक होता. भारतात 2011 मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती, ती 2017 मध्ये उठली. आज पीसीओडीमध्ये स्त्रीबीज बाहेर पडण्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तेच पहिल्या पसंतीचे औषध आहे. सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत आणा. त्यांनी स्वतः विचारलेले बरे.

प्रतिसाद : भाकरतुकडा

मी आहारतज्ज्ञ आहे. कोल्हापुरात वजनाचा विषय निघाला की सगळे तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर येतात, पण तो रोजचा नसतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या वहीत जे रोज दिसते ते असे : सकाळपासून साखरेचा चार-पाच वेळा चहा, सोबत खारी किंवा बटर, दुपारी भाताचा डोंगर आणि त्यावर पातळ आमटी, संध्याकाळी भडंग, आणि सगळ्यांची जेवणे उरकल्यावर रात्री दहाला स्वतःचे जेवण. प्रथिने जवळजवळ नाहीत. गुऱ्हाळाचा गूळ साखरेपेक्षा चालतो, ही समजूतही पक्की आहे. गुळाची चव आणि आपला अभिमान दोन्ही खरे, पण उष्मांक आणि इन्सुलिन यांच्या हिशेबात तो साखरच आहे. उपवासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्च आणि शेंगदाण्याचे तेल, त्यामुळे नवरात्रात नऊ दिवस उपवास करून वजन वाढलेले मी दरवर्षी पाहते.

मी उपाशी राहायला सांगत नाही. ज्वारीची भाकरी, घट्ट उसळ किंवा दोन अंडी, ताक, हिरवी भाजी, आणि रात्रीचे जेवण आठच्या आत. घनसाळाचा भात आवडतो तर खावा, पण वाटीभर आणि उसळीनंतर. आठवड्याला किमान 150 मिनिटे घामाचा व्यायाम आणि दोन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम, कारण रक्तातली साखर सर्वांत जास्त स्नायूच वापरतात आणि वजन तसेच राहिले तरी इन्सुलिन त्यामुळे उतरते.

अडचण इथेच येते. पहाटे रंकाळ्यावर किंवा विद्यापीठाच्या आवारात फिरायला येणाऱ्यांत नव्याने लग्न झालेल्या सुना फार थोड्या दिसतात. त्या वेळी त्या घरात पाणी भरत असतात, डबे करत असतात. ‘व्यायाम कर’ हे सांगणे सोपे आहे. तिचा तो तास कोण मोकळा करणार, हे मी आता पहिल्या भेटीत नवऱ्यासमोरच विचारते आणि उत्तर कागदावर लिहून घेते.

प्रतिसाद : आजरेकरीण

हे पटले. आमच्याकडे सकाळचे डबे उद्यापासून मी करीन, असे सुनेला आताच सांगून आले.

प्रतिसाद : मंगळवारपेठ

वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांची चर्चा सध्या फार आहे. मेहुणी ती घेण्याच्या विचारात आहे आणि तिला मूलही हवे आहे. दोन्ही एकदम चालते का?

उपप्रतिसाद : पारिजात

एकदम चालत नाही. या इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइड घेत असल्यास मुलासाठी प्रयत्न सुरू करण्याच्या किमान दोन महिने आधी ते बंद करावे लागते, कारण ते शरीरातून सावकाश जाते आणि गर्भासाठी सुरक्षित असल्याचे सिद्ध झालेले नाही. वजन उतरू लागले की बंद झालेले स्त्रीबीज बाहेर पडणे अचानक सुरू होऊ शकते, म्हणून औषध चालू असेपर्यंत गर्भनिरोधक हवेच. टिर्झेपाटाइड या दुसऱ्या इंजेक्शनामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, तेव्हा ते घेणाऱ्यांनी निरोध किंवा तांबी वापरावी. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झाली असेल तर वजन स्थिरावेपर्यंत साधारण 12 ते 18 महिने थांबावे.

औषध थांबवून प्रयत्न सुरू करण्याच्या किमान महिनाभर आधी फॉलिक ॲसिड सुरू करायला सांगा, कारण बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत जवळजवळ बनून गेलेली असते. वजन जास्त असल्यास फॉलिक ॲसिडची मात्रा वेगळी असू शकते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आणि तिच्या यजमानांनाही पहिल्याच भेटीला सोबत यायला सांगा.